गिळणीची हळद

जोडे तिकडे उंबराखाली काढा. झऱ्याच्या पायरीवर चालत नाहीत. पाणी प्यायचं असेल तर खुशाल प्या, ओंजळीनं प्या, पण चव कशी लागली ते बोलून दाखवू नका. का म्हणून आत्ताच विचारू नका. बसा जरा, ओघानं येईल.

हा ढवळझरीचा झरा. मागचा डोंगर सगळा चुनखडीचा आणि आतून पोकळ. वरच्या माळावर गुरं उधळली तर इथे कातळाला कान लावून बसलेल्याला ती ऐकू येतात. पाणी दगडाच्या पोटातून येतं, पांढऱ्या कातळावरून उतरतं आणि खाली कुंडात पडतं. त्या पांढऱ्यात मधोमध तांबडा ओघळ दिसतो ना, मनगटाएवढा? तो कितीही घासा, जात नाही. एक शिकलेले गृहस्थ आले होते, ते म्हणाले, लोखंडाचा गंज आहे. असेल बाप्पा. आम्ही नाही म्हटलं नाही. पण आमच्याकडे वेगळं सांगतात.

डोंगराच्या पलीकडे, वरच्या अंगाला गोटमाळ नावाचं गाव आहे. तिथला नाला वाहत वाहत एका भोकापाशी येतो आणि गडप होतो. त्या भोकाला गिळणी म्हणतात. या दोन गावांत सोयरीक जुळली की हळदीच्या दिवशी सकाळी गोटमाळचे लोक सूपभर हळद गिळणीत सोडतात. नवरा इकडचा असो की तिकडचा, हळद वरूनच येणार, पाणी काही उलटं चढत नाही. इकडे ढवळझरीच्या बाया कुंडाभोवती बसतात. वाजंत्री नाही, गाणी नाहीत, थट्टामस्करी नाही. दुपार कलली की पाणी पिवळं व्हायला लागतं. मग एकेक बाई पुढे वाकते, डोळे भरून पाहते आणि मोठ्यानं म्हणते, "पिवळी." नुसती मान डोलावलेली चालत नाही. सगळ्या बोलल्या की ते पाणी अंगाला लावतात आणि मग कुठे वाजा वाजतो. आणि लाल आली तर? तर सोयरीक तिथेच थांबते, आणि गोटमाळच्या लोकांना इथे येऊन उत्तर द्यावं लागतं.

लग्नघरी एवढा संशय शोभतो का, असं तुमच्या मनात आलं असेल. सगळ्यांच्याच येतं. ऐका तर मग.

फार जुनी गोष्ट आहे, असं सांगतात. चुनखडीत विहीर टिकत नाही, पाणी खालच्या खाली पळतं, म्हणून तेव्हा ढवळझरीला या झऱ्याशिवाय दुसरा आधार नव्हता. माणसं, गुरं, देव, सगळ्यांचं पाणी एकच. हा डोंगर म्हणजे झरीमायचं पोट आणि झरा म्हणजे तिची माया, असं गाव मानायचं. पाणी दुसरीकडून कुठून येत असेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आईच्या दुधाला कुणी विचारतं का, कुठून आलं म्हणून?

गोटमाळचं वेगळंच. ते चुना भाजणाऱ्यांचं गाव. डोंगर फोडायचा, भट्टी लावायची, भाजलेल्या दगडाची कळी पाण्यानं विझवायची आणि चुना गाड्यांत भरून पाठवायचा. त्यांच्या लेखी गिळणी थेट पाताळात जाते. मेलेलं जनावर, भट्टीची राख, फुटकी मडकी, काय नको असेल ते त्यांनी तिच्यात लोटावं. 'गिळणीत गेलं ते गेलं' अशी त्यांची म्हणच होती. डोंगराच्या अलीकडे एक समजूत, पलीकडे दुसरी, आणि दोन्ही गावं आपापल्या जागी निवांत.

झरीमायची पूजा तेव्हा गोपकाबाईच्या घराकडे होती. बाई कडक. कपाळावर आडवं कुंकू, आवाज खणखणीत, आणि नजर अशी की समोरच्यानं आपणच काही चोरलंय की काय म्हणून कनवटीला हात लावावा. तिचा मुलगा लटारी मात्र मुखदुर्बळ. त्याला गोटमाळच्या डोमाजीची मुलगी केली होती. तिचं नाव बयना. डोमाजीची भट्टी गोटमाळात सगळ्यांत मोठी, पण लग्नात ढवळझरीवाल्यांनी त्याला पंगतीत शेवटी बसवलं. चुना भाजणारा माणूस, अंगाला धूर येतो, असं कुणीतरी हसत हसत म्हणालंही. डोमाजी ताटावरून उठला, न जेवता हात धुतले आणि घरी निघून गेला. बापाचा तो पाठमोरा चेहरा, म्हणजे चेहरा दिसलाच नाही तेच, बयनाच्या काळजात रुतून बसलं.

सासरी तिच्या हातांवरून बोलणी व्हायची. चुन्यानं लहानपणापासून फुटलेले हात ते. "या हातानं देवीचं ताट लावू नको व," गोपकाबाई म्हणायची. बयना ऐकून घ्यायची. एक मुलगी झाली, ती अंगावर पीत होती, आणि दिवस बरे चालले होते.

मग एका चैत्रात झरा पांढरा झाला.

पाणी आटलेलं होतं, धार बारीक होती, आणि ती धार सकाळी उठून पाहतात तो दुधासारखी. गोपकाबाईनं कुंडात हात घातला, वर काढला, आणि गाव दणाणेल अशी ओरडली, "मायबाई! झरीमायले पान्हा फुटला!" डफडी आली, नारळ फुटले, पंचक्रोशीतून माणसं लोटली. गोपकाबाई एकेकाच्या ओंजळीत पळीभर घालायची आणि विचारायची, "कसं लागते?" ज्याच्या त्याच्या तोंडून एकच उत्तर. "गोड." दुसरं काय म्हणणार? देवीचं दूध कुणी फिकं म्हणतं का?

बयनाची पाळी आली. लेक कडेवर, पदर डोक्यावर. तिनं ओंजळ तोंडाला लावली आणि जिभेला तो चावा लागला. तो तिच्या ओळखीचा होता. बापाच्या भट्टीवर रांगत वाढलेली पोर ती, भिंतीचे पोपडे चाटून मार खाल्लेली. डोळे मिटून तिनं सांगितलं असतं. हे दूध नव्हतं, विझवलेल्या कळीचं पाणी होतं.

"कसं लागते?" गोपकाबाईनं विचारलं.

बयनानं गिळलं. सगळं गाव बघत होतं. सासूची नजर तर होतीच. पण त्याहून मोठी गोष्ट तिच्या मनात आली होती आणि त्या गोष्टीनं तिची जीभ धरली. चुना इथे कोण भाजतं? आपला बाप. आणि बाप या गावातून उपाशी उठून गेला होता. त्यानंच तर नाही ना?

"गोड," बयना म्हणाली.

इथंच गोष्ट फसली, असं जुनी माणसं सांगतात.

ते पाणी रात्रभर मडक्यात ठेवलं की खाली पांढरा थर बसायचा. दुधाची साय वर येते, याची खाली जायची, पण डोळ्यांवर भक्तीची झापडं असली की माणसाला तेही नवल वाटत नाही. 'झरीमायची साय' म्हणून तो थर निगुतीनं काढायचे आणि घरातल्या सगळ्यांत लाडक्या जिवाला द्यायचे. म्हणजे कुणाला? तान्ह्या लेकरांना. सकाळ-संध्याकाळ बोटभर साय जिभेवर. मोठी माणसं वरचं निवळ पाणी प्यायची, त्यांचा नुसता घसा धरायचा. डाळ शिजेना, तर बाया एकमेकींना म्हणायच्या, सरपण ओलं आहे.

बयनाच्या घरात तर पुजारिणीची पळी. चुकवायची कशी? तिनं एक युक्ती काढली. झऱ्याच्या वर डोंगरात एक कपार आहे, वाकून आत जावं लागतं. आत छतापासून दगडी थानं लोंबतात आणि त्यांतून थेंब थेंब पाणी टिपकतं. ते स्वच्छ होतं. बयना भर उन्हात, गाव झोपलेलं असताना, पदराखाली गाडगं घेऊन कपारीत जायची, थेंब धरायची आणि तेच पाणी स्वतः प्यायची. सासूनं लेकीच्या जिभेवर साय ठेवली की ती लेकीला पाळण्यात घालायच्या निमित्तानं आत न्यायची आणि फडक्यानं तोंड पुसून कपारीतलं पाणी पाजायची. रोज वाटायचं, आज सांगावं. रोज वाटायचं, सांगितलं तर बापाचं घर जाळतील. आणि खरंच बापानं केलं असेल तर? या विचारापाशी आली की ती थबकायची.

लेकरांची तोंडं सोलवटली. आधी एकाचं, मग घरोघर. जीभ लाल, ओठ फाटलेले, दूध तोंडात गेलं की किंचाळायची. गोपकाबाई म्हणाली, कुणाची तरी वाईट नजर लागली, साय वाढवा. वाढवली. आकोबा पाटलाच्या घरी, त्याची सून ठमी हिचं पहिलं लेकरू होतं. ते गेलं. त्या लेकराचं नाव आमच्यात घेत नाहीत, म्हणून मी घेत नाही.

आता गाव एकमेकांकडे बघायला लागलं. कुणाच्या दारात लिंबू सापडलं, कोण कुणाच्या उंबऱ्यात थांबलं, कोण कुणाच्या पोरीकडे बघून हसलं. पाण्याकडे मात्र कुणी बघेना. आणि मग कुणीतरी विचारलं, सगळ्यांची लेकरं अशी, तर बयनाची लेक तेवढी ठणठणीत कशी?

झालं. गोपकाबाईनं पाळत ठेवली. दुपारी सून गाडगं घेऊन डोंगर चढताना तिनं पाहिली, मागोमाग गेली, आणि कपारीत अंधारात दगडाच्या थानांखाली तोंड वर करून बसलेली बयना तिला दिसली. तिनं काय समजायचं ते समजलं. त्या काळात एकट्या बाईला एवढ्यावरून चेटकीण ठरवायचे, आणि चेटकीण ठरली की पुढचं विचारायलाच नको.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाव कुंडापाशी जमलं. बयनाचे हात चऱ्हाटानं बांधून तिला या उंबराला उभं केलं. लेक गोपकाबाईच्या मांडीवर. लटारी खाली मान घालून. ठमी कुंडाच्या कडेला बसलेली, तिला भोवती काय चाललंय याची शुद्ध नव्हती म्हणे.

"कपारीत काहून जात होती?" आकोबा पाटलानं विचारलं.

"पाण्याले."

"अन् हे पाणी नाई? देवीचं दूध तुले चालत नाई?"

 पाटलानं निवाडा केला. तिला त्या कपारीतच घालायची आणि तोंड दगडामातीनं लिंपून टाकायचं. लेक सासूकडे राहील. दोन-चार बापे दगड गोळा करायला लागले, कुणी माती कालवायला घेतली. त्या मातीत पाणी झऱ्याचंच पडलं, पांढरं. ते बघताना बयनाची भीती एकदम हलली. जीव जायचा तो गेलाच होता. आता कुणाला वाचवायचं राहिलं होतं?

"माय," ती गोपकाबाईला म्हणाली, "मूठभर हळद द्या मले. पुढं मग काय करायचं ते करा."

मरणाऱ्या सवाशिणीनं हळद मागितली तर नाही म्हणता येत नाही. गोपकाबाईनं देवीच्या डब्यातली हळद आणली. बयनाचा एक हात मोकळा केला. ती बायांकडे वळली.

"बायांनो, दुधात हळद घातली तं काय होते?"

 मागून एक म्हातारी म्हणाली, "पिवळं होते. हे काय विचारणं झालं?"

"पाहा मंग," बयना म्हणाली आणि तिनं मूठ झऱ्याच्या धारेत सोडली.

धार लाल झाली. पांढऱ्या कातळावरून लाल ओघळ खाली उतरला आणि कुंडात पसरला.

बापे ओरडले, "रक्त! देवीले कापलं हिनं!" कुणी दगड उचलला. कुणी पळ काढला. पण बाया जागच्या हलल्या नाहीत. त्यांतली प्रत्येक जण दर वर्षी घरी हळदीला चुना लावून कुंकू करायची. मुक्या मारावर हळद-चुना लावायची. त्यांना पुरतं कळलं होतं. त्या एकमेकींकडे बघत होत्या, आणि एकीच्याही तोंडातून शब्द फुटत नव्हता. कारण जी बोलेल तिनं आपल्या हातानं आपल्या लेकराला काय चाटवलं तेही बोलल्यासारखं झालं असतं.

गोपकाबाई उठली. कडक म्हटलं ना मी तिला? पण खोटी नव्हती. तिनं त्या लाल पाण्यात बोट बुडवलं, कपाळाच्या कुंकवाला लावलं, बोट नाकाशी नेलं. मग जिभेला लावलं. 

"रक्त नोहे," ती म्हणाली. आवाज पार बसला होता. "कुंकू हाय. अन् हे दूध नोहे. चुना हाय."

आता सगळं सुटलं, असं वाटलं ना तुम्हाला? तसं होत नसतं. संशय म्हणजे पोटचा जंत, एक पडला की दुसरा वळवळतो. पाटलानं लगेच विचारलं, "चुना भाजते कोण? हिचाच बाप. डोंगरावर गाडगं घेऊन रोज कोण जात होतं? हीच. हिनंच वरून टाकला."

"मी नाई टाकला," बयना म्हणाली. "गोटमाळचा नाला गिळणीत जाते. तोच इथं निघत असन."

लोक हसले. मधे एवढा डोंगर! वळसा घालून जायचं तर माणसाला सकाळची दुपार होते, आणि पाणी दगडातून येतं म्हणे! "मंग मले इथंच बांधून ठेवा," ती म्हणाली. "नजर ठेवा माह्यावर. अन् तिकडं गिळणीत हळद सोडा. इथं कोणी काही न टाकता पाणी लाल झालं तं?"

"अन् न झालं तं?"

"तं लिंपा."

गोपकाबाई घरात गेली आणि देवीची होती नव्हती तेवढी हळद सुपात घालून घेऊन आली. ते सूप तिनं लटारीच्या हातात दिलं. "पळ," ती म्हणाली. "माही देवी खोटी की तुही बायको खोटी, आज कळू दे. दिवस मावळेपर्यंत वाट पाहू. बायको खोटी निघाली तं पयला दगड मीच लावीन."

लटारीनं बयनाकडे पाहिलं सुद्धा नाही. फडकं बांधून सूप डोक्यावर घेतलं आणि तो निघाला.

मग सुरू झालं ते बसून राहणं. उन्हं चढली, उतरली. धारेतला लाल रंग केव्हाच वाहून गेला होता आणि पाणी पुन्हा पांढरं झालं होतं. कपारीपाशी दगडांचा ढीग वाढत होता. बयनाला भीती वाटत होती, आणि ती नुसती मरणाची नव्हती. नवरा कधी आईसमोर शब्द बोलला नव्हता, तो आज तिच्यासाठी पळेल? की वाटेत झाडाखाली बसून राहील आणि संध्याकाळी येऊन सांगेल, टाकली म्हणून? बरं, गेलाही. पण गोटमाळला गिळणी अभद्र. हळदीला गिळणी दाखवली तर घरातली सवाशीण जाते, असं तिथे मानायचे. बाप टाकू देईल? आणि बापानंच हे मुद्दाम केलं असेल तर तो ती हळद कशाला खाली येऊ देईल? ज्या दोन माणसांवर आपला जीव टांगला आहे त्या दोघांवरही आपला विश्वास नाही, हे तिला त्या झाडाला बांधलेलं असताना कळलं, आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं.

लेक भुकेनं रडायला लागली. गोपकाबाईनं तिला थोपटलं, हलवलं, फिरवलं. रडणं थांबेना. शेवटी उठून तिनं लेकीला बांधलेल्या आईच्या छातीशी धरलं. "पाज," ती दुसरीकडे बघत म्हणाली. "लेकराचा काय दोष." आणि लेक पिऊन होईपर्यंत ती तशीच तिला धरून उभी राहिली.

दिवस डोंगराला टेकला. पाटील उठला. म्हणाला, बास झालं. दोघांनी बयनाचं चऱ्हाट सोडलं आणि तिला कपारीकडे ओढायला लागले. गोपकाबाईनं बोलल्याप्रमाणे पहिला दगड उचलला. तेवढ्यात कुंडाशी कुणीतरी बोललं. दिवसभरात, नव्हे, लेकरू गेल्यापासून एक शब्द न बोललेली ठमी.

"लाल," ठमी म्हणाली.

सगळे थबकले. ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. "लाल आली."

धार लाल होती. कुणी जवळ नव्हतं, कुणी काही टाकलं नव्हतं. दगडाच्या पोटातून लालभडक पाणी येत होतं आणि सकाळच्याच वाटेनं कातळावरून उतरत होतं. मग ती मागची म्हातारी म्हणाली, "लाल." मग दुसरी, मग तिसरी. गोपकाबाईनं हातातला दगड खाली ठेवला.

दिवेलागणीला लटारी आला. त्याच्या मागं डोमाजी होता. त्याला पाहताच बयनाची नजर त्याच्या हातांवर गेली. दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे होते.

काय झालं ते लटारीनं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो गावासमोर बोलला असेल. त्या वर्षी कुठल्याशा गढीचं काम निघालं होतं, गोटमाळच्या सगळ्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या, म्हणून डोमाजीनं कळी विझवायचा खड्डा गिळणीच्या काठालाच खणला होता. खड्ड्याचं सगळं धुवण आत. कुणाचं वाईट करायचं त्याच्या मनातही नव्हतं, गिळणीत गेलं ते गेलं! जावई हळद घेऊन आलेला पाहून तो काठी घेऊन आडवा आला होता. "माह्या पोरीची हळद गिळणीत? मेली का ती?" मग लटारीनं सगळं सांगितलं. डोमाजीनं एकच विचारलं, "अन् हळद तिकडं निघाली तं?" लटारी म्हणाला, "तं बयना वाचते. अन् पाटलाच्या घरचं लेकरू तुमच्या चुन्यानं गेलं, हे साऱ्या दुनियेले कळते." त्यावर डोमाजीनं त्याच्या हातातून सूप घेतलं. काठावरून फेकलं तर निम्मं दगडालाच चिकटायचं, म्हणून तो स्वतः गिळणीत उतरला आणि मूठमूठ करून सगळी हळद आत ढकलली.

बयना बापाच्या पायाशी बसली आणि मोठ्यानं रडली. "बाबा, मले वाटलं, तुम्ही मुद्दाम केलं."

"वाटू दे," डोमाजी म्हणाला. "चुना तं माहाच होता." मग तो ठमीसमोर गेला आणि त्यानं जमिनीला डोकं टेकलं.  ठमी बयनाकडे बघत होती.

"तुले कधी कळलं?" ठमीनं विचारलं.

आज सकाळी कळलं, असं म्हणता आलं असतं. कुणाला खोटं वाटलं नसतं. पण बयनानं मान वर केली. "पयल्याच दिवशी," ती म्हणाली. "जिभेले लागलं तवाच."

"अन् गोड म्हणाली?"

"हाव."

 ठमीनं बयनाला माफ केलं असं कुणी सांगत नाही. माफ केलं नाही असंच सांगतात, शेवटपर्यंत नाही. पण तिनं हातही उगारला नाही. कुंडाकडे बोट करून ती गावाला म्हणाली, "आता या दोन गावांत लगीन लागन ते इथं पाहून. वरून हळद सोडायची. अन् प्रत्येकीनं आपल्या तोंडानं सांगायचं, काय दिसते ते. जी गप्प बसन ती माह्या लेकराची मारेकरी."

डोमाजीनं गिळणीकाठचा खड्डा बुजवला आणि भट्टी डोंगराच्या पार पलीकडच्या उतारावर नेली. गोटमाळनं शपथ घेतली, की गिळणीत हळदीखेरीज काही पडणार नाही. बयना याच गावात म्हातारी झाली. दर हळदीला ती कुंडाशी सगळ्यांच्या मागं, शेवटी बसायची, आणि सगळ्यांत मोठा आवाज तिचाच असायचा म्हणे.

आजही पहिली बोलायचा मान ठमीच्या घरच्या सुनेचा आणि शेवटचा बयनाच्या घरच्या सुनेचा. आजही तो ओघळ तसाच आहे, बघताच आहात. हल्ली वरच्या माळावर कुणी कुणी येतात, डोंगर मोजतात, दगडांना रंगाच्या खुणा करून जातात, विचारलं तर हसतात. गेल्या वर्षी हळद यायला संध्याकाळ झाली, दुपारी आली नाही. पिवळीच आली, पण बायांनी दोनदा बघून सांगितलं. तुम्ही कुणाकडून आलात ते विचारलं नाही अजून, लक्षात आहे माझ्या.

पाणी प्यालात ना? मग असं हसू नका, आणि छान आहे, मधुर आहे असलं काही म्हणू नका. ढवळझरीत आजही या पाण्याला कुणी गोड म्हणत नाही. वाका, नीट बघा, आणि मला नुसता रंग सांगा. मोठ्यानं.